हुकूम कोणाचा?

वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त चौसष्ट कलांची यादी आहे. गायन, वादन, नृत्य, चित्रकला यांच्या बरोबरीने तीत द्यूतविशेष आणि आकर्षक्रीडा हीही नावे येतात. फासे टाकून डाव खेळता येणे हे वीणा वाजवता येण्याच्या पंक्तीला बसवलेले होते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला, त्यातही बुद्धिबळ आणि फाशांचे खेळ राजाच्या करमणुकींमध्ये आले आहेत. दोन्ही ठिकाणी कला आहे ती खेळणाऱ्याच्या अंगात. पट, सोंगट्या, फासे ही नुसती साधने.

अलीकडे प्रश्न वेगळा विचारतात. कोणी तरी रचलेला खेळ ही कलाकृती ठरते का? अमेरिकी चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट यांनी २०१० मध्ये लिहिले की व्हिडिओ गेम ही कला होऊच शकत नाही. त्यांचा एक मुद्दा असा की खेळ जिंकता येतो, कलाकृती जिंकता येत नाही. गेम खेळणाऱ्या वाचकांनी त्यांना असे फैलावर घेतले की काही महिन्यांत त्यांनी बरेच आवरते घेतले. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ‘टेट्रिस’, ‘पॅक-मॅन’ यांच्यासह १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात दाखल करून घेतले. वाद त्याने मिटला नाही, घराघरांत मात्र पोचला.

पनवेल हे या वादाला सोयीचे गाव आहे. जुने शहर वडाळे, कृष्णाळे, देवाळे अशा तळ्यांच्या आसपास वसलेले. १९९८ मध्ये हार्बर लाइनची लोकल इथवर आली आणि रोज मुंबईला जाऊन-येऊन राहणारा नोकरदार वाढला. सीएसएमटीपर्यंतचा सव्वा-दीड तास कसा घालवायचा, याला त्या नोकरदाराने शोधलेले पहिले उत्तर पत्ते, दुसरे मोबाइल. इथे पहिल्या उत्तराची बाजू मांडणाऱ्याला मामा म्हटले आहे आणि दुसऱ्याची मांडणारीला भाची. मामा निवृत्त आहे. भाची मोबाइल गेम तयार करणाऱ्या कंपनीत पडद्यावरची चित्रे आखते.

मामा : तुमच्या गेममधली चित्रं सुंदर असतात, कबूल. मग चित्रांना कला म्हण ना. खेळाला कशाला?

भाची : आणि गंजिफा?

मामा : ती कलाच.

भाची : तिच्यातलीही चित्रंच का? तुझ्या कपाटात संच आहे सावंतवाडीचा. कधी खेळलास?

हा प्रश्न मामाला अडचणीचा आहे, आणि पुढे भाचीलाही तो अडचणीत आणतो. दशावतारी गंजिफेत १२० गोल पाने असतात : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. चिंचोक्याच्या खळीचा आणि खडूचा थर, त्यावर हाताने काढलेले चित्र, वर लाखेचा लेप असे एकेक पान तयार होते. खेळ बहुधा तिघांचा, प्रत्येकाच्या हातात ४० पाने. हुकूम नाही. राजा-प्रधानांनंतर पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. त्यामुळे कोणते पान पडून गेले आणि कोणते अजून कोणाच्या हातात दबून आहे, हे लक्षात ठेवणे यातच सगळी कसरत. डाव दिवसा मांडला तर ज्याच्याकडे राम आहे त्याची उतारी, रात्री मांडला तर कृष्ण असलेल्याची. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर बसवून ही मोडकळीला आलेली कारागिरी सावरली. पनवेलहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ सावंतवाडीच्या बाजूनेच गोव्याला जातो, आणि येताना मंडळी तिथून संच घेऊन येतात. तो काचेच्या कपाटात जाऊन बसतो. गंजिफा खेळता येणारी माणसे फार थोडी उरली आहेत. कारागिरी सावरली, डाव सावरला नाही.

भाची : दिवसा राम, रात्री कृष्ण. मला विचारशील तर हा नियम ज्याने बसवला तो कलावंत. बाहेर ऊन आहे की अंधार, यावर डाव कोणी उघडायचा ते ठरतं! चित्र काढणारा नंतरचा. ‘टेट्रिस’मध्ये तर चित्रही नाही, गोष्टही नाही. वरून ठोकळे पडतात, खाली लावायचे. तरी ते म्युझियममध्ये आहे, ते नियमासाठी.

मामा : ज्याने बसवला म्हणजे कोणी? नियम एकट्याने बसवलेला नसतो गं. दहा गावांत दहा पद्धतींनी खेळून, भांडून, घासून तो तयार होतो. तुमच्या गेमच्या शेवटी नावांची यादी येते. पत्त्यांच्या डावाला कुठे आहे यादी?

भाचीचा मुद्दा बळकट आहे. खेळातली कला शोधायची तर ती नियमांच्या बांधणीत शोधावी लागते; रंगरूप हे तिचे कपडे. पण मामाने विचारले ते त्याहून मुळाशी जाते, कारण नियमांत कला असेल तर नियम कोणाचे, हा पुढचा प्रश्न टळत नाही. पत्त्यांच्या जोडात नियम छापलेले नसतात. ती ५२ पाने मेंढीकोटाला चालतात, बदाम सातला चालतात, झब्बूलाही. फोनवरच्या गेममध्ये नियम आणि साहित्य एकच असते, दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

कलाकृती म्हणून रचलेल्या गेमचे महाराष्ट्रातले उदाहरण घ्यायचे तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ घ्यावा. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, राजस्थानी वळणाचे महाल, पहाडी चित्रशैलीचे रंग, छाया-बाहुल्यांसारखी कथानकाची दृश्ये आणि गोष्ट सांगायला दुर्गा नि विष्णू. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळाले होते.

मामा : तू खेळत होतीस तेव्हा मी मागे बसून पाहिला. सिनेमासारखा वाटला. पण मी पाहणारा, तू खेळणारी. दोघांत डाव कुठे झाला?

भाची : आता मंगळागौरीचंही तेच झालंय, मामा. एकसारख्या नऊवारी नेसून ग्रुप येतात, माइक लावून फुगड्या घालतात, बिदागी घेतात. यजमानीणबाई खुर्चीत. त्या खेळांना तू कला म्हणतोस ना?

मामा : म्हणतो, पण जीव जळतो म्हणताना.

झिम्मा, फुगडी, पिंगा हे घरातल्या बायकांचे खेळ मंचावर गेले तेव्हाच त्यांना कलाप्रकार म्हणून मान मिळाला, आणि तेव्हाच पुष्कळ घरांत ते खेळणे थांबले. गंजिफेची वाटही हीच. खेळाला प्रेक्षक मिळाला की समाज त्याला कला म्हणायला तयार होतो. तो नुसता खेळला जात असतो तोवर रिकामटेकडेपणा ठरतो. रायगडातल्या गावोगावच्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा आता यूट्यूबवर थेट दाखवतात, मोबाइल गेम खेळणाऱ्यांचे खेळणेही हजारो लोक बसून पाहतात. या बाबतीत मैदान आणि पडदा यांत फारसा फरक राहिलेला नाही. चौसष्ट कलांची यादी करणाऱ्याला मात्र ही कल्पना विचित्र वाटली असती, कारण त्याच्या यादीत कला शिकायची होती ती स्वतः करण्यासाठी.

करमणूक म्हणून खेळ माणसांना कसा बांधतो, हे पाहायचे तर लोकलच्या डब्यातला मेंढीकोट जवळून पाहण्यासारखा आहे. समोरासमोरच्या बाकांवर चौघे, मध्ये गुडघ्यांवर ब्रीफकेस नाही तर प्लायवूडचा तुकडा. खांदेश्वर-मानसरोवरपर्यंत पिसणे, काटणे, वाटणे उरकते. प्रत्येकी १३ पाने, तिरपे बसलेले जोडीदार. चार दश्श्यांपैकी जास्त ज्यांनी ओढल्या त्यांचा डाव. चारही ओढल्या तर कोट. तेराही हात केले तर बावनपत्ती, आणि त्याची चर्चा पुढे आठवडाभर. वाशीच्या खाडीपुलावर वारा आत घुसतो तेव्हा पडलेल्या हातावर तळवा दाबून धरावा लागतो. कुर्ल्याला एकाला उतरायचे असते. डाव मोडत नाही. तो आपली पाने मागे उभ्या असलेल्याच्या हातात देतो, आणि तो नवा माणूस दुसऱ्याने लावलेली पाने तशीच धरून खेळू लागतो.

मामा : उतारीचा रंग हातात असून हुकूम मारला, तर ती लबाडी तीन-चार हातांनी उघडी पडायची. मग भांडण. चेंबूरला सुरू झालेलं वडाळ्यालाही मिटायचं नाही.

भाची : ॲपमध्ये ते पान दाबताच येत नाही. पुसट होऊन बसतं. भांडणाचं कारणच संपलं.

मामा : लबाडी करायची सोय नाही, तर मग समोरचा सरळ खेळतोय याला काय किंमत? आम्हाला कोणाला उसने पैसे द्यावेत आणि कोणाला नाही, हे मेंढीकोटावरून कळायचं. आणि खोकला? पालथा ठेवलेला बंद हुकूम बदामचा आहे हे जोडीदाराला खोकून सांगणारे महाभाग होते आमच्यात.

भाची : म्हणजे लबाडीच.

मामा : लबाडी, पण सगळ्यांना माहीत असलेली. चौघांनाही खोकला कळायचा. मग कोणी उगाचच खोकायचा, समोरच्याला फसवायला.

खेळाच्या अभ्यासकांनी नियमांवर पुष्कळ लिहिले आहे. नियमांच्या कडेने चालणाऱ्या या व्यवहाराची नोंद कमी आहे, आणि लेखी नसल्यामुळे संगणकाला तो शिकवता येत नाही. कच्चा लिंबू हे त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण. लहान मूल डावात घेतले जाते, त्याच्यावर राज्य येत नाही, त्याची चूक मोजली जात नाही, आणि तरीही ते खेळाडू असते. कोणत्याही नियमपुस्तकात ही तरतूद नाही, तरी मराठी घरांत आणि गल्लीत प्रत्येक पोराला ती ठाऊक असते. ॲपमध्ये नवख्यासाठी सराव असतो, सोपी पातळी असते, यंत्राशी खेळायची सोय असते. मोठ्यांनी आपला खेळ थोडा वाकवून त्याला जागा करून देणे, हे त्यात नाही.

इथवर मामाचे पारडे जड वाटते. पण त्याच्या डब्यात कोण बसत होते, हे अजून विचारलेले नाही.

भाची : तुमच्या त्या ब्रीफकेसभोवती बाई बसलेली पाहिलीस कधी?

मामा : बायकांचा डबा वेगळा असतो गं.

भाची : घरी तर डबा नव्हता. आईला मेंढीकोट येतं, माहीत आहे ना?

मामा : न यायला काय झालं! गणपतीत जागरणाला तिला घ्यायचो की आम्ही.

भाची : चौथा कमी पडला तर.

मामा यावर काही बोलत नाही. भाची पुढे सांगते की आई आता रोज दुपारी फोनवर खेळते : पुण्याची मावशी आणि दोन अनोळखी जणी. कोणाला चहा टाकायला मध्ये उठावे लागत नाही, आणि उठलीच तर थोडा वेळ यंत्र तिची पाने खेळते. कुर्ल्याला उतरणाऱ्याची पाने मागचा माणूस घेतो, तसेच हेही, असे भाचीचे म्हणणे. मामाला ते मान्य नाही, कारण मागच्या माणसाला पुढच्या दिवशी शिव्या देता येत होत्या. तरी एवढे खरे की पत्त्यांच्या जुन्या बैठकीचे गोडवे गाणारे बहुतेक लेख त्या बैठकीत बसायला मिळालेल्यांनी लिहिलेले आहेत. ऑनलाइन खेळाने ओळखीची ऊब कमी केली असेल. ज्यांना कोणी बोलावतच नव्हते त्यांना त्याने खुर्ची दिली, हे खोडता येत नाही.

ऊब आणि खुर्ची या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात त्या ‘लुडो किंग’मध्ये. नवी मुंबईतील विकास जयस्वाल यांच्या गेमेशन कंपनीने तो २०१६ मध्ये आणला. २०२० च्या टाळेबंदीत पनवेलच्या सोसायटीतले आजोबा आणि परदेशातली नातवंडे एकाच पटावर आली ती बव्हंशी या गेममुळे. मागे जाऊन पाहिले तर हा पट फार हिंडून आला आहे. कवड्यांवर खेळायच्या पचिसीवरून इंग्लंडमध्ये लुडो तयार झाला, १८९६ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले, मग तो पुठ्ठ्याच्या पटावर, मागे सापशिडी छापून, हिंदुस्थानात परतला. त्या सापशिडीचा पूर्वज मोक्षपट. मराठी परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांना देते; उपलब्ध पट मात्र पुष्कळ नंतरच्या काळातले आहेत. पुण्याचे वा. ल. मंजूळ यांनी मराठी मोक्षपटांचा शोध घेतला, आणि डेन्मार्कच्या याकोब श्मिट-मॅडसेन यांनी या खेळावर २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध सादर केला. मोक्षपटात शिडी सद्गुणाची आणि साप दुर्गुणाचा. इंग्लंडहून परतलेल्या पटातून पुढे सद्गुण-दुर्गुण गळून गेले, साप राहिले.

मामा : कवड्या मुठीत खुळखुळायच्या, दान पडायचं. फोनवरचा फासा कोण टाकतो?

भाची : गणित टाकतं. एका आकड्यापासून सुरुवात करून पुढचे आकडे असे काढतात की अंदाज येऊ नये. शकुनीच्या फाशापेक्षा बराच सरळ.

मामा : शकुनीचा फासा निदान शकुनीच्या हातात दिसत होता.

मामाची शंका अगदीच अडाणीपणाची नाही. कवड्यांत सगळी दाने सारख्या शक्यतेने पडत नाहीत, पण ते कोणीही शंभरदा टाकून पाहू शकतो. कंपनीच्या संगणकावर पडणारा फासा प्रामाणिक असेलही. खेळणाऱ्याला तो उलटसुलट करून पाहता येत नाही. डाव फुकट असतो तोवर हा कुतूहलाचा विषय. पैसा लागला की तो कायद्याचा होतो.

१९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. सत्यनारायण खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. कौशल्य म्हणजे खेळ आणि नशीब म्हणजे जुगार, या रेषेच्या आधारावर पुढे ऑनलाइन रमीचा सारा धंदा उभा राहिला. पैशांच्या लुडोवरून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, तेव्हाही वाद हाच होता. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत राज्याच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. महिना संपताना त्यांचे खाते बदलले आणि त्यांच्याकडे क्रीडा खाते आले. विनोदी लेखकांना पुढे काही करायचे उरले नाही. पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो चालवण्यावर आता बंदी आहे : तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स आणि पैशांविना चालणारे सामाजिक खेळ यांना उत्तेजन देण्याची तरतूदही त्यात आहे. कायद्याविरुद्धच्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतल्या.

मामा : बरं झालं. आम्ही चहावर खेळायचो. हरलेल्याने सीएसएमटीला चहा पाजायचा.

भाची : बरंच झालं. पण पैसा काढला तरी आमच्याकडे दुसरी आमिषं आहेत. रोज आलात तर बक्षीस. एक दिवस चुकला तर साखळी तुटते. डाव हरलात की जाहिरात पाहा आणि आणखी एक संधी घ्या. मीच काढलीत त्यांची बटणं.

मामा : म्हणजे आम्ही वेळ घालवायला खेळायचो, आणि तुम्ही...

भाची : आम्हाला तो वेळच विकायचा असतो.

इथे दोघांचे जमते, आणि तेही भाचीच्या कबुलीवर. लोकलमधल्या डावाला स्टेशन हा शेवट होता. ज्या गेमचे उत्पन्न माणूस किती वेळ थांबला यावर ठरते, त्याच्या रचनेत शेवट असणे तोट्याचे. कलाकृती म्हणून पाहिले तरी हा दोष मोठा आहे : ‘राजी’ संपतो, गंजिफेचा डाव संपतो, बक्षिसांच्या साखळीवरचा गेम मुद्दाम संपू दिला जात नाही.

भाचीकडे एक तोडगा आहे. ओळखीच्या चौघांसाठी खासगी खोली उघडता येते, आणि काही गेममध्ये तिथे नियम निवडायची मुभा असते : हुकूम बंद की कट, सहा पडल्यावर पुन्हा टाकायचे की नाही.

मामा : आणि चौघांचं एकमत नसेल तर?

भाची : ज्याने खोली उघडली त्याने ठरवायचं.

मामा : म्हणजे ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. गल्लीत दुसरं काय होतं!

भाची : तेच म्हणते मी.

मामा : नाही, फरक आहे. बॅटवाला रुसून घरी गेला तर आम्ही फळीने खेळायचो. तुमची खोली उघडणारी कंपनीच घरी गेली तर?

प्रश्न काल्पनिक नाही. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पब्जी मोबाइल’वर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतातली त्याची सेवा बंद झाली. त्याच वळणाचा ‘बीजीएमआय’ २०२१ मध्ये आला, २०२२ मध्ये ॲप स्टोअरवरून हटवला गेला, २०२३ मध्ये परतला. मधल्या काळात ‘पब्जी’ खेळणाऱ्या पोरांची टोळी, बोटांचे कसब, नकाशातली पाठ झालेली वाट, सारे जिथल्या तिथे होते. नव्हता तो खेळ. गंजिफेचे नेमके उलटे झाले आहे, तिची पाने आहेत आणि खेळणारे नाहीत. संग्रहालयांना व्हिडिओ गेम जपणे अवघड जाते तेही याचसाठी. ऑनलाइन गेमची नुसती डिस्क ठेवून भागत नाही, त्यामागचा संगणक चालू ठेवावा लागतो आणि तो चालू ठेवणारी कंपनीही.

भाची : सरकारने पत्त्यांवर बंदी आणली असती तर काय केलं असतंत तुम्ही?

मामा : किती वाजता आणली असती?

भाची : समज, दुपारी.

मामा : मग संध्याकाळच्या गाडीला जरा कोपऱ्यात बसलो असतो.